बिघडलेल्या हंगामात होमर उडवताना

होमर म्हणजे दूर नेऊन सोडलं तरी घरी परतणारं शर्यतीचं कबूतर. आमच्या कबूतर-रेसच्या क्लबात निकालाची पत्रकं मी बनवते. पायातल्या कडीचा नंबर, अंतर, वेळ, वेग. माझी स्वतःची ढाबळही आहे, म्हणजे कबुतरांचं घर, छोटीशी. बाकीचे पत्रक हातात आलं की पहिली दहा नावं वाचतात. मी तळाची ओळ आधी वाचते: किती पाखरं गेली आणि त्यातली किती परतली. हंगाम चांगला असेल तर या ओळीत वाचण्यासारखं काही नसतं. बिघडला की मात्र सगळा खेळ तिथेच दिसतो.

हंगाम बिघडतो तो एका कारणानं क्वचितच. आठवडेच्या आठवडे वारा समोरून, हवा धुरकट, ससाण्यांचा जोर, पिल्लांत उलट्यांचा आजार, आणि मग एखाद्या साध्या अंतराच्या रेसला निम्मी पाखरं गायब. ज्यांच्याकडे दोन-तीनशे पाखरं आहेत ते हे सोसून पुढच्या आठवड्याच्या टोपल्या भरतात. हे मी लिहितेय ते वीस-तीस पाखरांवर खेळणाऱ्यांसाठी. आपल्याला एका आठवड्याचा हट्ट पुढची दोन वर्षं पुरतो. म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं: वाईट हंगामात कुणाला पाठवायचं याचा विचार कमी करा, कुणाला घरी ठेवायचं याचा जास्त. पुढचं सगळं या एका निर्णयासाठीच आहे.

पत्रक वाचायला शिका

नव्या सभासदांना वाटतं, ज्याचं पाखरू आधी घरी तो जिंकला. तसं नाही. प्रत्येक ढाबळीचं अंतर सोडण्याच्या ठिकाणापासून वेगळं मोजलेलं असतं आणि निकाल लागतो तो मीटर प्रति मिनिट या वेगावर. समजा तुमची ढाबळ ३०१.२ किलोमीटरवर आहे आणि पाखरू २४१ मिनिटांत आलं. वेग १२४९.८. दुसऱ्याची ढाबळ २९८.५ किलोमीटरवर, पाखरू २३८ मिनिटांत. वेग १२५४.२. तो पुढे. आता तुमच्याच पाखरानं छपरावर बसून अंग झटकण्यात अर्धा मिनिट घालवलेलं असेल, तर ते अडीच-तीन मीटर प्रति मिनिट तिथेच गेले. साधारण हवेत तेवढ्यात पाच-सात पाखरं मध्ये घुसतात.

हे चांगल्या हंगामाचं गणित. बिघडलेल्या हंगामात पत्रकातून दुसरं काहीतरी शोधायचं असतं. एक म्हणजे पहिल्या आणि विसाव्या पाखरातलं अंतर. पहिलं १२०० नं आलं आणि विसावं ११७०, तर हवा ठीक होती, पाखरं थव्यानं आली. पहिलं ११०० आणि विसावं ७००, तर वाटेत काहीतरी घडलंय. मग तुमचं पाखरू ७५० नं आलं म्हणून त्याला नावं ठेवू नका. बहुधा ते एकटं, स्वतःच्या डोक्यानं आलंय, आणि असं पाखरू मला थव्याच्या शेपटाला धरून आलेल्या विजेत्यापेक्षा जास्त आवडतं. दुसरं म्हणजे वारा. आडवा वारा थव्याला एका बाजूला ढकलतो आणि त्या बाजूच्या ढाबळींना फायदा होतो. तीन आठवडे एकाच बाजूचे लोक वर येत असतील तर त्यांच्या दाण्यात काही जादू नाही. त्यांचं मिश्रण विचारायला जाऊ नका.

स्वतःची वही ठेवा. कडीचा नंबर, किती तास हवेत, आल्यावर अंग कसं होतं, पाणी किती प्यायलं, दुसऱ्या दिवशी कसं उडालं. किलोमीटर लिहिलेच पाहिजेत, पण खरा आकडा तासांचा. होमर साधारण ७० किलोमीटर ताशी उडतो असं धरा. ३०० किलोमीटरला शांत हवेत सव्वाचार तास. मागून २० चा वारा असेल तर तीन तास वीस मिनिटं. तोच वारा समोरून असेल तर सहा तास. अंतर तेच, पाखराचं काम जवळजवळ दुप्पट. क्लबाच्या वेळापत्रकात ‘३००’ असं छापलंय म्हणून तीनशेची तयारी करून पाठवलेलं पाखरू समोरच्या वाऱ्यात सव्वाचारशेच्या आसपासची रेस उडत असतं.

टोपली भरायची संध्याकाळ

पाखरू हातात घ्या, आणि घाई असेल तर घेऊच नका. दोन बोटांत पाय, पोट तळव्यावर, छाती आपल्याकडे. तयार पाखरू दिसतं त्यापेक्षा हाताला हलकं लागतं, स्नायू भरलेले पण मऊ, पिसं रेशमासारखी. छातीच्या हाडावरची कातडी पारदर्शक, गुलाबी. ती निळसर किंवा कोंडा धरलेली असेल तर ते पाखरू घरी. नाकावरचं मांसल टोक खडूसारखं पांढरं हवं. मळकट झालं असेल तर श्वासाचा काहीतरी त्रास आहे. चोच उघडून घसा बघा: गुलाबी, ओला, पण चिकट तारा नकोत. पिवळा, पनीरसारखा थर दिसला तर तो कँकर. त्याचं पुढे बोलते.

मग पंख उघडा. प्रत्येक पंखाला दहा मोठे पर. गळायला सुरुवात आतल्या पहिल्यापासून होते आणि क्रमानं बाहेर जाते. आतला एखादा-दुसरा पर गळलेला असेल तर चालतं. बाहेरचे तीन, म्हणजे आठवा, नववा, दहावा, यांतला एखादा अर्धवट वाढलेला असेल तर छोट्या रेसलाही मी पाठवत नाही. ढकलण्याचं काम तेच करतात. परावर आडवी बारीक रेघ दिसली तर समजा की पीस वाढत असताना पाखराला ताप, उपास किंवा जोराचं औषध सोसावं लागलं. त्या रेघेपाशी पर तुटतो.

शरीर झालं की डोकं. ढाबळीत ते पाखरू गेले दोन दिवस काय करतंय? आपल्या खणासाठी भांडतंय, मादीभोवती घुमतंय, की कोपऱ्यात पिसं फुगवून बसलंय? लहान ढाबळीसाठी मला जोडी एकत्र ठेवून खेळणंच सोपं वाटतं. नर-मादी वेगळी ठेवून फक्त रेसच्या वेळी भेटवायची विधुर पद्धत वेगवान असते, पण तिला रोजच्या रोज ठरल्या वेळी माणूस लागतो, आणि बिघडलेल्या हंगामात तीच पाखरं ताणानं आधी मोडतात. जोडीच्या पद्धतीत अंड्यांवर बसून दहा-बारा दिवस झालेली मादी लांबच्या रेसला भरवशाची. अंडं साधारण १७-१८ दिवसांत फुटतं, त्याच्या अगदी तोंडावर असलेली नको: पिल्लांसाठी गळ्यातल्या पिशवीत दूध तयार व्हायला लागलेलं असतं आणि पाखरू जड होतं. आणि मोठी पिल्लं भरवणाऱ्या मादीला तर आठवडाभर विसराच. तिचं अंग आधीच उतरलेलं असतं.

माझा नियम असा, की ज्या पाखराबद्दल मला ‘बहुतेक चालेल’ असं म्हणावंसं वाटतं ते घरी. मन वळवायला लागणारं पाखरू तयार नसतं. आमच्यातले एक ज्येष्ठ काका याला भित्रेपणा म्हणतात. त्यांच्या टोपल्या नेहमी भरलेल्या असतात, आणि त्यांच्याकडे दरवर्षी नवी पाखरं दिसतात.

हवा बघायची ती फक्त आपल्या छपरावरची नको

तीन ठिकाणची हवा बघा: सोडण्याची जागा, वाटेचा मध्य आणि घर. सोडायच्या जागी लख्ख ऊन आणि मधल्या डोंगररांगेवर ढग टेकलेले, हे सगळ्यात फसवं. वाऱ्याची दिशा दुपारी बदलणार असेल तर पाखरू तेव्हा कुठे असेल याचा हिशेब वरच्या तासांवरून करा. धुरकट, साचलेली हवा मला पावसापेक्षा जास्त भीतीची वाटते. पाऊस दिसतो. पाखरं त्याला वळसा घालतात किंवा उतरून थांबतात. धुरकट हवेत ती उडत राहतात आणि घराच्या बाजूनं निघून पुढे जातात.

पाखराला वाट कशी सापडते यावर क्लबात चहाचे पेले पालथे होईपर्यंत वाद होतात, पण खेळण्यापुरतं जेवढं माहीत आहे ते उपयोगी आहे. सूर्य हे त्यांचं पहिलं होकायंत्र. कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी पाखरांवर छोटे लोहचुंबक बसवून सोडून पाहिलं, १९७१ साली ते प्रसिद्ध झालं. उन्हात चुंबकाचा फारसा परिणाम दिसला नाही, ढगाळ दिवशी मात्र पाखरांची दिशा बिघडली. म्हणजे सूर्य झाकला की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात. इटलीत पिसा इथे फ्लोरिआनो पापी यांच्या गटानं १९७२ पासून दाखवलं, की वाऱ्यावरून येणाऱ्या वासाचाही मोठा भाग असतो. चोचीत लोहचुंबक असतं हे अजून ऐकायला मिळतं. २०१२ साली त्या लोहयुक्त पेशी तपासल्या तेव्हा त्या रोगाशी लढणाऱ्या साध्या पेशी निघाल्या.

यातून माझा घरगुती नियम असा बनला: भूचुंबकीय हालचालीचा जो केपी निर्देशांक रोज जाहीर होतो, ० ते ९ असा, तो बघायचा. ५ पासून पुढे चुंबकीय वादळ. आभाळ स्वच्छ असेल तर ५ ला मी जुनी पाखरं पाठवते. ५ आणि वर ढगाळ, तर पिल्लं घरी, वाद नाही. नुसता केपी बघून रेस चुकवणारे लोकही आहेत. तेवढं मला पटत नाही, कारण निम्म्या वाईट रेसच्या दिवशी केपी अगदी शांत होता, वहीत नोंद आहे.

सराव: मागे यायला लाजू नका

पिल्लांचा सराव सगळे सारखाच सांगतात: ५ किलोमीटर, मग १०, २०, ३५, ५०, रेसच्याच दिशेनं. बिघडलेल्या हंगामात मी यात एकच भर घालते. एका अंतरावरून सगळी पिल्लं नीट, थव्यात आणि वेळेत आली नाहीत तर पुढे जायचं नाही. पुन्हा तिथूनच, आणि एखादं चुकलं असेल तर आधीच्या टप्प्यावर परत. २००४ साली जीपीएस लावून केलेल्या दोन वेगळ्या अभ्यासांत दिसलं, की ओळखीच्या टापूत पाखरं आपापला ठरलेला रस्ता पाडून घेतात आणि तो सरळ नसला तरी सोडत नाहीत, आणि रोमजवळची पाखरं तर चक्क महामार्गांना धरून उडत होती. म्हणून घराजवळच्या शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरची घोकंपट्टी कधी वाया जात नाही. रेसचा थवा फुटल्यावर पाखराला आठवते ती हीच वाट.

आधी सगळी एकत्र सोडा, मग चार-चार, मग काहींना एकेकटं. एकटं सोडलेलं पिल्लू सुरुवातीला फिरत राहतं, वेळ लावतं. लावू द्या.

एक साधी गोष्ट बरेचजण विसरतात: पिल्लांना टोपलीत पाणी प्यायला शिकवलेलं असतं का? क्लबच्या गाडीतून जाताना पाण्याची पन्हळ क्रेटच्या बाहेरून लावलेली असते. ज्या पिल्लानं जाळीतून मान बाहेर काढून पाणी कधी प्यायलं नाही ते रात्रभर तहानलेलं राहतं आणि सकाळी तसंच सुटतं. रेसच्या आधी दोन-तीन रात्री घरच्याच टोपलीत, तशीच पन्हळ लावून झोपवा. पहिल्या रेसला हरवणाऱ्या पिल्लांतली काही तरी यानं वाचतील.

दाण्याचं थोडक्यात: पाखराला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा लागतो, कामानुसार थोडा वर-खाली. लांब उड्डाणात ते मुख्यतः चरबी जाळतं, म्हणून लांबच्या किंवा समोरच्या वाऱ्याच्या रेसआधी शेवटचे दोन-तीन दिवस मका, करडई, थोडे शेंगदाणे वाढवायचे. छोट्या रेसला जव असलेलं हलकं मिश्रण पुरतं. परतल्यावर पुन्हा हलकं, मग हळूहळू वाटाण्यासारखी कडधान्यं. परतल्या-परतल्या भरपेट कडधान्य देणं हा लाड नव्हे, त्रास आहे.

ससाणा

ससाणा आणि शिक्रा यांना जवळपास सगळीकडे कायद्याचं संरक्षण आहे, आणि असायलाच हवं. सापळे, विष, गोफण यांचा विचार करणारा माणूस आमच्या क्लबात टिकत नाही. आपल्या हातात वेळ असते. रोज त्याच वेळी पाखरं बाहेर काढलीत तर शिकारी पक्षी घड्याळ लावून येतो. वेळ बदला, कधी दिवसभर बंद ठेवा, भुकेलेली सोडा म्हणजे लवकर आत येतील. आळसावून छपरावर बसू देऊ नका. हल्ला झालेलं पाखरू अंगानं बरं झालं तरी पुढचे काही आठवडे छपराला घाबरतं आणि उतरायला वेळ लावतं. त्याची रेस तिथेच हरलेली असते, त्यामुळे ते घरी.

आजार

पहिल्या वर्षाच्या पिल्लांत सरावाच्या दिवसांत येणारा आजार ओळखायला सोपा: सकाळी जमिनीवर न पचलेला दाणा ओकलेला, विष्ठा पातळ हिरवी, पिल्लू फुगून बसलेलं, गळ्यातली पिशवी भरलेली आणि ढिली. ॲडेनो, सर्को आणि रोटा हे विषाणू यात सापडतात, वर जिवाणू स्वार होतात. पहिलं काम म्हणजे सराव आणि रेस पूर्ण बंद, सगळ्या पिल्लांची, फक्त आजारी दिसणाऱ्यांची नव्हे. एक दिवस दाणा बंद, पाण्यात क्षार, मग थोडा थोडा हलका दाणा. आणि पाखरांची माहिती असलेला पशुवैद्य. ताज्या विष्ठेचा आणि घशाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला त्याला फार वेळ लागत नाही.

शेजारच्या सभासदानं दिलेली पुडी पाण्यात ओतू नका. कँकर एका सूक्ष्म परजीवामुळे होतो, त्याचं औषध वेगळं. आतड्यातल्या कॉक्सिडिया या परजीवाचं वेगळं. जिवाणूंचं अँटिबायोटिक विषाणूला लागत नाही. ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांनी काही ढाबळींत असे जंतू तयार झालेत की आता काहीच चालत नाही. शिवाय स्टिरॉइडसारखी काही औषधं रेसमध्ये निषिद्ध आहेत आणि ती विष्ठेत सापडतात. डोळ्याच्या थेंबांतही ती असू शकतात, लेबल वाचा.

पॅरामिक्सो विषाणूची लस हंगामाच्या काही आठवडे आधी सगळ्यांना द्यायची, अर्धवट नाही. या रोगात पाणीदार विष्ठा होते, मान पिळवटते, पाखरू दाणा टिपायला जातं आणि चोच बाजूला पडते. एका ढाबळीतून क्लबच्या क्रेटमध्ये आणि तिथून वीस ढाबळींत जायला एक रात्र पुरते. म्हणून कुणाकडे असं पाखरू दिसलं तर लपवणारा माणूस सगळ्यांचा हंगाम संपवतो. स्वतःचंही जपा: ढाबळ झाडताना मास्क लावा. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाऊन अनेक जुन्या कबूतरवाल्यांना कायमचा दम लागलाय.

रेस फुटली तर

फुटलेल्या रेस, म्हणजे बरीचशी पाखरं परततच नाहीत अशा, मोठमोठ्यांच्याही होतात. २९ जून १९९७ ला ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शताब्दीची रेस फ्रान्समधल्या नांतहून सुटली, साठ हजारांहून जास्त पाखरं, आणि त्यातली बहुसंख्य घरी पोचलीच नाहीत. पुढे जॉन हॅगस्ट्रम या भूशास्त्रज्ञानं अंदाज मांडला, की कॉनकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान विमानाचा ध्वनिस्फोट पाखरांच्या वाटेवर आडवा आला असावा, कारण ती ऐकू न येणाऱ्या खालच्या सुरांवरूनही घर ओळखत असावीत. हे खरं की नाही यावर अजून एकमत नाही. पण अशा दिवशी दोष शोधण्यापेक्षा पुढच्या ४८ तासांचं काम महत्त्वाचं.

ट्रॅप, म्हणजे पाखरं आत येतात ते दार, उघडा ठेवा, अंधार पडेपर्यंत आणि पहाटे पुन्हा. घरी राहिलेली दोन-चार शांत पाखरं छपराजवळ दिसू द्या, पण उडवू नका. उशिरा येणारं पाखरू आलं की आधी पाणी, त्यात क्षार आणि थोडी साखर. दाणा अर्ध्या-पाऊण तासानं, मूठभरही नाही, बारीक आणि हलका. खूप उपाशी पाखराच्या गळ्यात एकदम मका भरला तर तो तिथेच फुगून राहतो. मग हातात घेऊन पोटाखालून, मांडीतून, पंखाखालून बघा. तारेनं फाटलेली जखम पिसांखाली दिसत नाही. पाणी प्यायल्यावर छाती ओली होत असेल तर गळ्याची पिशवी फाटली आहे, लगेच पशुवैद्याकडे. जखम सौम्य मिठाच्या पाण्यानं धुवा, बाकी काही चोपडू नका.

असं परतलेलं पाखरू त्या हंगामात पुन्हा टोपलीत जाईल का? एका रात्रीत आलं आणि अंग टिकवून आलं, तर दोन-तीन आठवड्यांनी, छोट्या सरावानंतर, जाऊ शकतं. चार दिवसांनी हाडं टोचत आलं, तर नाही. वहीत त्याच्या नंबरापुढे मी ‘पुढचं वर्ष’ लिहून मोकळी होते. माझ्याकडच्या ४१७ नंबरच्या चेकर (पंखांवर ठिपक्यांची नक्षी असलेल्या) मादीपुढे हे शब्द लिहिलेले होते, आणि क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकानं तिला काढून टाकायचा सल्ला दिला होता. लांबच्या रेसला आज माझी पहिली निवड तीच.

तुमच्याकडे दुसऱ्याचं भरकटलेलं पाखरू उतरलं, तर कडी वाचून मालकाला कळवा, वेगळ्या पेटीत दाणा-पाणी द्या, दोन दिवस विश्रांती झाल्यावर सोडा. आपल्या पाखरांत मिसळू नका.

क्लबाच्या बैठकीत

वाईट हंगामात क्लबात आवाज चढतात. मला तिथे तीनच गोष्टी मांडण्यासारख्या वाटतात. पहिली, पाखरं कधी सोडायची हा निर्णय गाडीसोबत गेलेल्या माणसाचा. त्याला पहाटेपासून फोन करून ‘इकडे ऊन पडलंय, सोड’ म्हणणं बंद करा. धुकं उठेपर्यंत थांबला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. फार उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी, आणि गाडीत एक दिवसाचा जादा दाणा नेहमी असावा. दुसरी, एका मोठ्या नुकसानीनंतर पुढची रेस लांबची असेल तर ती रद्द न करता अंतर निम्मं करायचा ठराव करा. रद्द म्हटलं की मतं फुटतात, निम्मं म्हटलं की हात वर होतात. तिसरी, क्रेटमध्ये दाटी. चार पाखरं कमी भरली तर उन्हाळ्यात त्याचा फरक परतीच्या आकड्यात दिसतो, आणि क्रेट दर फेरीनंतर धुवायची जबाबदारी नाव घालून कुणाला तरी द्या.

घड्याळांचंही बघा. इलेक्ट्रॉनिक घड्याळात चिपची कडी पॅडवरून गेली की वेळ नोंदते, पण पॅडची जोडणी ढिली असेल तर पाखरू आत आणि नोंद नाही. रेसच्या आदल्या दिवशी एक पाखरू हातानं पॅडवरून फिरवून बघा. पाखराच्या पायातली रबरी कडी काढून सीलबंद घड्याळात टाकणाऱ्या क्लबात घड्याळ पुढे-मागे धावलं तर दुरुस्ती लागते. ती कशी लावायची हे सगळ्यांसमोर एकदा फळ्यावर मांडून दाखवा, म्हणजे निकाल लावणाऱ्या बाईवर संशय घ्यायचा कुणाला राहत नाही.

उरलेला हंगाम

शेवटच्या दोन-तीन रेससाठी तुमच्याकडे सहा-सात पाखरं उरली असतील तर त्यातली दोनच पाठवा. सगळ्या रेस खेळल्याच पाहिजेत असा नियम क्लबात बहुधा नसतो. गुणतक्त्यात वर राहण्याच्या हौसेनं आपणच तो लावून घेतो.

मग नर-माद्या वेगळ्या करा आणि पीस झडू द्या. या काळात दाणा कमी करू नका, हीच वेळ भरवायची: कडधान्यं, थोडं जवस किंवा करडई, ग्रिट (पचनासाठी बारीक खडी), आठवड्यातून एक-दोनदा आंघोळीचं पाणी. पुढच्या वर्षीचे दहाही पर आत्ता वाढताहेत, आणि आत्ता पडलेली रेघ पुढच्या हंगामात तुटणार. वही काढून बसा आणि कुणाला पैदाशीला ठेवायचं ते ठरवा. वेगापेक्षा मी वाईट दिवशीच्या परतीला दुप्पट वजन देते, दोन वर्षं सलग परतलेल्या पाखराला त्याहून जास्त.

आणि पुढच्या वर्षाच्या कड्यांची मागणी क्लबात नोंदवताना ढाबळीत जितकी पिल्लं मावतात त्यापेक्षा चार-पाच कमीच सांगा. कडी पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमाराला घालावी लागते, पाय मोठा झाला की चढत नाही. हातात कड्या उरल्या की माणूस त्या घालण्यासाठी आणखी एक जोडी बसवतो, आणि दाटी तिथूनच सुरू होते.